दाराशी जात्याचा दगड

आमच्या चर्चमध्ये चार वर्षांच्या लेकराला ‘अहो’ आणि पाळकसाहेबांना ‘अरे’ म्हणणारं एकच माणूस होतं. त्या म्हणजे बाई. त्यांना नाव होतं, शाळेच्या मस्टरवर असणारच, पण गावात ते कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला. कुणी दुसरीचा दिला की हेडमास्तरांशी भांडून त्या परत पहिलीत यायच्या. अर्ध्या गावाची अक्षरं त्यांनी हात धरून गिरवून घेतली होती, त्यामुळे हिंदू असोत नाहीतर ख्रिस्ती, त्या सगळ्यांच्याच बाई होत्या. एसटीत त्यांना जागा न देणारा माणूस थेट साकोली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा.

‘या जी, बसा जी. चप्पल कोठी काढली तुम्ही?’ असं त्या नाक वाहणाऱ्या पोराला विचारायच्या आणि त्याच दमात त्याच्या बापाला म्हणायच्या, ‘तू काहून उभा राह्यला रे? सरक.’ त्यांचा नियम सोपा होता. दृढीकरण होऊन प्रभुभोजन घ्यायचा हक्क मिळेपर्यंत लेकरू ‘तुम्ही’. त्या दिवसापासून ‘तू’. माझं दृढीकरण झालं त्या रविवारी चर्चबाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, ‘चाल, तुह्या मायले सांग, चहा टाक म्हणा.’ प्रभूच्या मेजावर पहिल्यांदा बसल्याचा आनंद बाजूला राहिला आणि मी आईच्या पदरात तोंड खुपसून रडले. लोकांना वाटलं, पोरगी भक्तीनं भारावली.

देवालाही त्या ‘तू’च म्हणायच्या, पण त्यात नुसती भक्ती नव्हती. हजेरी घेतल्यासारख्या त्या प्रार्थना करायच्या. ‘देवा, मागच्या रविवारी गेटवाल्याच्या डोळ्याचं सांगितलं होतं तुले. राहून गेलं वाटते. या आठवड्यात पाह्य.’ भरल्या चर्चमध्ये, मोठ्यानं, वर बघून. नवख्या माणसाला हसू यायचं. आम्हाला यायचं नाही, कारण बाई खरोखरच पुढच्या रविवारी पाठपुरावा करायच्या.

आमचं गाव हायवे सोडून आत, दोन तलावांच्या मधे. ख्रिस्ती घरं मोजकी. जुन्या मिशन दवाखान्याच्या आधारानं वसलेली आणि दवाखाना बंद पडल्यावरही तिथंच राहिलेली. बाकी सगळं गाव धान पिकवणारं. चर्च कौलारू, जाड भिंतींचं, समोर मोहाचं मोठं झाड. जुनी माणसं त्याला मंदिर म्हणत, बाईही मंदिरच म्हणत. त्याचं सागवानी दार इतकं जड होतं की उघडलं की आपल्याच वजनानं हळूहळू मिटायचं. ते मिटू नये म्हणून बाईंनी कुठून तरी फुटक्या जात्याचा अर्धा दगड आणून दाराशी ठेवला होता. उपासना कसलीही असो, थंडी असो की लू चाललेली असो, दार उघडं. त्या दारातून कुत्री यायची, शेळ्या डोकावायच्या, मोहफुलं वेचणाऱ्या बाया टोपल्या खाली ठेवून एखादं कडवं ऐकायच्या आणि निघून जायच्या. कुणी चुकून दगड सरकवला तर बाई उपदेश चालू असतानाही उठून तो परत लावायच्या आणि येऊन बसायच्या. काहून, असं त्यांना कुणी विचारलं नाही. बाईंना काहून विचारायची पद्धतच नव्हती.

त्यांच्या हातात बारा महिने पुरुषी काळी छत्री असायची. उपदेश लांबला की त्या छत्रीचं बटण दाबायच्या आणि परत मिटायच्या. खट्. पहिला खट् म्हणजे सूचना. दुसऱ्याला बरेच पाळक आमेन म्हणून मोकळे होत.

पण बाईंचं खरं वेड म्हणजे जोडी. दुसऱ्या गावांत लहान पोरांना उपासनेच्या वेळी संडे स्कूलला बाहेर पाठवतात. आमच्याकडे संडे स्कूल उपासनेनंतर भरायचं. उपासनेत पोरं मोठ्यांबरोबरच, पण आईबापांजवळ नाही. पुस्तक खाली न पाडता धरता येऊ लागलं की बाई लेकराला एका म्हाताऱ्या माणसाशेजारी नेऊन बसवायच्या. ‘हे तुमचे जोडीदार जी. यायले दिसत नाही, तुमाले बसवत नाही. एकमेकाले सांभाळा.’ लेकरानं गीताचं पान काढून द्यायचं, काठी पडली तर उचलायची, प्रार्थनेला उभं राहताना कोपराखाली हात द्यायचा. म्हाताऱ्यानं लेकराला आत ठेवायचं. कसं, ते ज्याचं त्यानं बघायचं. रागवायचं मात्र नाही, खाऊ द्यायचा नाही.

मग म्हाताऱ्यांनी एक युक्ती काढली. बहुतेक ती बाईंनीच शिकवली असावी. पोर चुळबुळ करू लागलं की त्याचा तळवा आपल्या मांडीवर घ्यायचा आणि बोटानं त्यावर चित्र काढायचं. पुढं वाचन नोहाचं चाललं असेल तर तारू, पेत्राचं असेल तर मासा. पोरानं डोळे मिटून ओळखायचं आणि उत्तर म्हाताऱ्याच्या तळव्यावर काढायचं. सगळं गुपचूप. पुढून बघणाऱ्याला वाटावं, आजोबा-नातू हात धरून केवढ्या भक्तीनं ऐकताहेत.

माझे जोडीदार होते गेटवाले बाबा. दवाखान्याच्या फाटकावर त्यांनी उभी हयात काढली होती. आता मोतीबिंदूनं फक्त उजेड-अंधार कळायचा. त्यांना एकच चित्र यायचं. बैल. आधी पाठीची रेघ, मग चार पाय, मग दोन शिंगं, शेवटी शेपटीचा फटका. जक्कय झाडावर चढला तरी बैल आणि दाविदानं गोफण फिरवली तरी बैल. मी कानात कुजबुजायचे, ‘बाबा, यात बैल नाही.’ ते म्हणायचे, ‘असनच ना कोठीतरी. बिना बैलाचं गाव राह्यते का?’ त्यांच्या बोटाला तंबाखूचा वास यायचा. अजूनही तळव्याला खाज सुटली की मला पाठीची ती रेघ आठवते आणि फार बरं वाटतं.

तर अशा या चर्चमध्ये एक नवे पाळकसाहेब आले. नाशिककडचे, तरुण, नुकतेच शिकून बाहेर पडलेले. बोलणं स्वच्छ, झगा परीटघडीचा. ‘शांतता’ हा त्यांचा आवडता शब्द. माणूस वाईट नव्हता. उपासना म्हणजे काहीतरी मोठं, गंभीर, देवासमोर टाचणी पडली तरी ऐकू यावं असं असतं, हे त्याच्या मनात पक्कं होतं. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, तयारी तर त्यांनी महिनाभर केली. वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार, प्रत्येकावर छोटा उपदेश, प्रत्येकानंतर एक मेणबत्ती विझवायची. दुपारी बारा ते तीन.

आमच्याकडे गीतांचे आकडे एका काळ्या पाटीवर टांगले जात. टिनाचे आकडे, खिळे ठोकलेली पाटी. ते टांगायचं काम ज्याला नुकतेच आकडे लिहिता यायला लागलेत त्या लेकराचं. त्या वर्षी ते माझ्या धाकट्या भावाकडे होतं, आणि तो रात्रभर त्या आनंदात नीट झोपला नव्हता. यातही बाईंचा एक नियम होता. लेकरानं लावलं ते लागलं. चुकलं तरी मोठ्या माणसानं उठून ते सुधारायचं नाही.

पहिला उद्गार झाला. पाळकसाहेबांनी मेणबत्ती विझवली. सगळीकडे असं गंभीर झालं की मलासुद्धा गिळताना आवाज होईल अशी भीती वाटली. मग पेटीवाल्या मास्तरांनी पाटीकडे बघितलं. तिथं हवं होतं चौदा नंबरचं गीत, दुःखाचं, संथ. धाकट्यानं एक आणि चार उलटे टांगले होते. एक्केचाळीस नंबरला आमचं कापणीच्या सणाचं गीत होतं. धान घरात आल्यावर कोहळे, कोंबडे, तांदळाच्या गोणी घेऊन चर्चमध्ये जातो तेव्हाचं. मास्तर पाटीवर बघून वाजवणारे, विचार करून वाजवणारे नव्हेत. त्यांनी भाता मारला आणि सुरू झाले.

म्हाताऱ्यांना तर आनंदच झाला. ते गीत सगळ्यांचं तोंडपाठ. गेटवाले बाबा सवयीनं टाळ्या वाजवू लागले. पाळकसाहेबांनी हात वर केला. पहिल्या बाकावरून बाई म्हणाल्या, ‘चालू दे रे. लेकरानं लावलं हाय.’ आणि चालू राहिलं. बाहेर एप्रिलचं ऊन, धानाच्या बांध्या भेगाळलेल्या, आत सहा मेणबत्त्या पेटलेल्या, आणि आम्ही धानाच्या पेंढ्यांचं गीत सगळ्या कडव्यांसकट म्हटलं. पाळकसाहेब शेवटपर्यंत हात तसाच अर्धा वर धरून उभे होते. मला त्यांची दया आली होती. महिनाभर राबला होता बिचारा माणूस.

त्यांना ते लागलं. पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवार जवळ आला तेव्हा त्यांनी चर्चच्या पंचांना विश्वासात घेतलं आणि रविवारी जाहीर केलं की या वेळी लहान मुलांची सोय बाहेर, मोहाच्या सावलीत केली आहे. आत दार लावून घेतलं जाईल. वर्षातून एक दिवस तरी आपण प्रभूच्या मरणाला शोभेल अशी शांतता पाळू. लोकांनी माना डोलवल्या. खरं सांगायचं तर पुष्कळ आयांना बरंच वाटलं. मी बाईंकडे बघितलं. आता खट् होणार, असं वाटलं. पण बाईंनी छत्री मांडीवर आडवी ठेवली होती आणि त्या दाराकडे बघत होत्या. 

शुक्रवारी आम्ही आलो तेव्हा जात्याचा दगड दाराशी नव्हता. कुणीतरी तो झाडाखाली ढकलून ठेवला होता. बाई सतरंजी अंथरून त्या दगडावर बसल्या होत्या. ‘या जी, बसा जी.’ मी तेव्हा दहाची. आता आपण मोठे आहोत, आपल्याला आत घेतील, असं मला वाटलं होतं. नाही घेतलं. सागवानी दार मिटलं आणि आतून अडसर सरकल्याचा आवाज आला.

आत काय झालं ते मला नंतर आईनं सांगितलं. पहिला उद्गार अगदी पाहिजे तसा झाला. मग गीताचा आकडा लागला, या वेळी बरोबर. मंडळी उभी राहिली. पण म्हातारे पुस्तकं हातात धरून नुसतेच उभे. पान काढून देणारं कुणी नाही, कोपराखाली हात नाही. गेटवाले बाबा जोरात म्हणाले, ‘माही जोडी बाहीर हाय. मले गीत कोन काढून देईन?’ शेजारच्या माणसानं त्यांच्या हातातलं पुस्तक घेऊन पान काढून दिलं. बाबा म्हणाले, ‘तू राहू दे रे बाप्पा. तू माही जोडी नोहे.’ आणि काठी टेकत, बाकांना धरत दाराकडे चालू लागले. अडसर त्यांनीच चाचपून काढला.

दार उघडलेलं आम्हाला बाहेरून दिसलं. आधी काठी, मग बाबा. उन्हात आल्यावर ते थांबले आणि माझ्या नावानं हाक मारली. मी धावत जाऊन त्यांना आणलं. त्यांच्या मागून लगेच धाकट्याची जोडीदार आली, कमरेत वाकलेली दाईमाय. मग एकेक करून सगळेच. कुणी रागानं नाही, निषेध वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हता. त्यांना फक्त आपलं लेकरू पाहिजे होतं. सतरंजीवर जागा पुरेना. बाईंनी काहीच केलं नव्हतं, कुणाला बोलावलं नव्हतं. त्या नुसत्या दगडावर बसून होत्या.

दुसऱ्या उद्गारानंतर पाळकसाहेब स्वतः बाहेर आले. परीटघडीचा झगा घामानं पाठीला चिकटलेला. आवाज मात्र त्यांनी खालीच ठेवला. ‘बाई, हे काय आहे? मुलांना आजच्या दिवसाचं गांभीर्य कळतं का?’

बाई उठल्या नाहीत. झाडाच्या बुंध्याला हात लावून म्हणाल्या, ‘मी पाच वर्साची होती. माह्या मायची मयताची पेटी याच मंदिरात ठेवली होती, तू उभा राह्यतो तिथंच. मोठी माणसं म्हणाली, लेकराले कायले दाखवता, भेव लागंल. मले या झाडाखाली बसवलं आन हातात फुटाणे देले. दार लावून घेतलं. आतून गाणं आइकू येत होतं. गाणं चांगलं होतं म्हणून मी मान डोलवत होती. मंग ते मागच्या दारानं निंघाले आन पेटी घेऊन गेले. मी फुटाणे खात होती रे. माय चालली होती आन मी फुटाणे खात होती.’

 झाडावरून एक मोहफूल सतरंजीवर पडलं, ते दाईमायनं सवयीनं उचलून पदरात बांधलं. पाळकसाहेबांनी मिटलेल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, ‘आत या, बाई.’

‘कोन कोन येऊ, ते सांग.’

‘सगळे या.’

‘मंग दार धर. आपोआप लागते ते.’

आणि नाशिकच्या त्या तरुण पाळकानं झग्याच्या बाह्या वर सारून, दाराला पाठ लावून, आमची ती सगळी वरात आत घेतली. काठ्या, चपला, सतरंजी, कडेवरची पोरं. सगळ्यांत शेवटी बाई आणि त्यांच्या मागून दगड ढकलत आम्ही चौघं-पाचजण.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. पाचवा उद्गार तहानेचा, ‘मला तहान लागली आहे.’ पाळकसाहेब त्यावर बोलत होते, घसा कोरडा पडला होता त्यांचा, आणि शेजारी पाण्यानं भरलेला पितळी गिलास होता. धाकटा दाईमायजवळून उठला. तुरुतुरु पुढं गेला, दोन्ही हातांनी गिलास उचलला आणि भिंतीशी उभ्या केलेल्या लाकडी वधस्तंभाच्या पायाशी नेऊन ठेवला. सांडू न देता. मग जागेवर येऊन बसला. पाळकसाहेबांचं वाक्य जिथं होतं तिथंच राहिलं. त्यांना पाहिजे होती ती शांतता तेव्हा झाली. पंख्याचाही आवाज नाही, कारण वीज गेली होती. उरलेला उपदेश त्यांनी केलाच नाही. मेणबत्ती तेवढी विझवली.

तेव्हापासून आमच्याकडे उत्तम शुक्रवारी पाचव्या उद्गाराला एक लेकरू पाणी नेऊन ठेवतं. बाहेरगावचे लोक विचारतात, ही कुठली प्रथा? आम्ही म्हणतो, आमचीच आहे.

पाळकसाहेब पुढं बरीच वर्षं राहिले. ‘हो’ऐवजी ‘हाव’ म्हणायला शिकले, आंबील प्यायला शिकले, छत्रीचा पहिला खट् ऐकून थांबायलाही शिकले. त्यांची बदली झाली तेव्हा सगळं गाव एसटी स्टँडवर आलं होतं. बाईंनी त्यांना चिवड्याचा डबा दिला आणि म्हणाल्या, ‘जपून जा जी तुम्ही. परत या जी.’ दृढीकरण झालेल्या माणसाला बाईंनी ‘तुम्ही’ म्हटल्याचं ते पहिलं आणि शेवटचं. पाळकसाहेबांना ते कळलं. गाडी सुटेपर्यंत ते चष्मा पुसत बसले होते.

मी नागपूरला आले, नोकरी, लग्न, सगळं तिकडंच. नाताळला गावी गेले की बाईंकडे जायचं ठरलेलं. त्यांचे डोळे गेले होते आणि आता त्यांनाच जोडी लागत होती. पहिल्यांदा माझ्या लेकीला घेऊन गेले तेव्हा ती तीन वर्षांची. ‘नाव काय जी तुमचं?’ बाईंनी विचारलं. माझी लेक मागे वळून बघू लागली, आपल्या मागे कोण मोठं माणूस उभं आहे म्हणून. मग तिला कळलं की आपल्यालाच विचारलं. त्या दिवशी ती बाईंच्या मांडीजवळून हलली नाही. नागपूरच्या मोठ्या चर्चमध्ये ती चुळबुळ करू लागली की मी तिचा तळवा हातात घेते. मला चित्र एकच येतं. पाठ, चार पाय, शिंगं, शेपटी.

गेल्या दिवाळीनंतर, धानाची कापणी चालू असताना, बाई गेल्या.

मी लेकीला घेऊन पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. आधीच्या नाताळानंतर चर्च बदललेलं. फरशा चकचकीत, छत नवीन, सागवानी दाराच्या जागी काचेचं दार, उघडलं की वरच्या दांड्यानं आपोआप बंद होणारं. आत एसी. बाईंचा भाचा बाहेरगावाहून आला होता, भला माणूस, मावशीचं सगळं नीट व्हावं म्हणून धावपळ करत होता. दाराशी पंचांचे सेक्रेटरी उभे होते. त्यांनी माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘ताई, लहान पोरांले बाहीर ठेवून राहिलो. पेटी उघडी हाय ना. भेव लागते लेकराले.’ आणि ते तिला हाताला धरून मोहाच्या झाडाकडे घेऊन गेले.

झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. आठ-दहा पोरं बसली होती. कुणीतरी चांगल्या मनानं त्यांना खायला दिलं होतं. माझी लेक खुर्चीत बसली, पाय हलवत, आणि सेक्रेटरींनी तिच्या हातात पुडी ठेवली. पुडीत फुटाणे होते.

 मी भाच्याशी भांडायला हवं होतं, सेक्रेटरींना समजावायला हवं होतं, पण मला सुचला तो फक्त दगड. मी दगड शोधू लागले. दाराशी नव्हता, भिंतीशी नव्हता. शेवटी मागे नळाखाली, चिखलात रुतलेला सापडला. त्यावर पाय धुवायची सोय केली होती. मी साडीचा पदर खोचला आणि ढकलू लागले. लहानपणी चार-पाच जणांनी मिळून ढकललेला दगड. हलेना.

‘काय करून राहिली?’ मागून आवाज आला. काठी, जाड भिंगांचा चष्मा, पांढरे केस. पाळकसाहेब. निवृत्त होऊन भंडाऱ्यात राहत होते, निरोप मिळताच आले होते.

‘लेकरं बाहेर आहेत, साहेब,’ मी म्हणाले. ‘झाडाखाली. फुटाणे दिलेत.’

त्यांनी झाडाकडे बघितलं. चष्म्यातून त्यांना किती दिसलं कुणास ठाऊक. मग म्हणाले, ‘दगड राहू दे. दार मी धरतो. तू लेकरं आण.’

काचेचं दार उघडून ते त्याला पाठ लावून उभे राहिले. दांडा त्यांना आत लोटत होता, ते पाय रोवून काठीवर भार देत होते. सेक्रेटरी धावत आले. ‘साहेब, एसी चालू हाय, थंडी निंघून जाईन.’

‘होऊ दे ना बाप्पा गरम,’ नाशिकचे पाळकसाहेब म्हणाले. ‘आन माही जोडी कोण आहे ते सांगा. जोडीशिवाय मी प्रार्थना करत नाही आज.’

आतले म्हातारे वळून बघू लागले. त्यांतले कितीतरी जण मला लहानपणापासून माहीत होते, तेव्हा ते मधल्या बाकांवर बसायचे. एकानं बाकावर सरकून जागा केली. मग दुसऱ्यानं. भाचा दोन पावलं पुढं आला, थांबला, आणि मग स्वतःच झाडाकडे जाऊन एका पोराला कडेवर घेऊन आला.

मी लेकीच्या हातातली पुडी घेऊन पर्समध्ये टाकली. ‘आत जायचंय,’ मी म्हटलं. ‘बाई आहेत आत. आपण त्यांना बघून घेऊ.’

पेटी मधे ठेवली होती. बाईंच्या अंगावर शाळेतलीच निळ्या काठाची पांढरी साडी, उशाशी काळी छत्री. ती कुणी ठेवली माहीत नाही, पण ज्यानं ठेवली त्याचं भलं होवो. पाळकसाहेब माझ्या लेकीचा हात धरून पुढं आले, की ती त्यांचा हात धरून आली, हे सांगता येणार नाही. मी तिला उचललं. ती घाबरली नाही. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं हात लांब केला. बाईंचे हात छातीवर पालथे जोडलेले होते, तळवा मिळेना, म्हणून तिनं हाताच्या पाठीवरच बोट टेकवलं. आडवी रेघ. चार उभ्या. दोन लहान. शेवटी एक फटका.

‘काय काढलं जी तुम्ही?’ पाळकसाहेबांनी वाकून विचारलं.

‘बैल,’ ती म्हणाली, सगळ्या मंदिराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तिला कुणीही गप्प बस म्हटलं नाही.